आधीचा सुळा

बारीक पात्याची करवत तिने प्लास्टरच्या सुळ्याच्या मुळाशी टेकवली. चार हात मारले आणि सुळा सुटून टेबलावर पडला. शेंगदाण्याएवढा तुकडा. तिने तो करंगळीने बाजूला सारला, जबड्यावरची भुकटी फुंकली आणि मेणाची सुरी स्पिरिटच्या दिव्यावर तापवायला धरली. दातांच्या लॅबमध्ये जेवणाची सुट्टी चालू होती. मालक आतल्या खुर्चीत डुलकी काढत होते आणि तिचा डबा न उघडता खिडकीत पडून होता.

जबडा तिच्या लेकीचा होता. दोन वर्षांपूर्वी, लेक तेरा वर्षांची असताना, तिनेच हौसेने माप घेऊन ओतला होता. काही लोक बाळाच्या पावलांचे ठसे जपून ठेवतात तसा. वरच्या ओळीतला उजवा सुळा जागा न मिळाल्यामुळे पुढे आलेला, शेजारच्या दातावर अर्धा चढून बसलेला. गर्दीत पुढच्याच्या खांद्यावरून कुणी डोकं काढून बघावं तसा तो दिसायचा.

कापाकापी करायची तर आधी जबड्याची नक्कल ओतून घ्यायची आणि हात नकलेलाच लावायचा, हा या कामाचा पहिला धडा. ती स्वतः नव्या मुलींना तो दटावून शिकवायची. पण सुट्टी अर्ध्या तासाची होती आणि प्लास्टर घट्ट व्हायलाच तेवढा वेळ गेला असता. शिवाय हा काही पेशंटचा जबडा नव्हता, घरचाच होता.

सुळ्याच्या जागी तिने मेणाचा नवा दात उभा केला. सरळ, ओळीत, शेजाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून. मग काळ्या कापडावर जबडा ठेवला, दिवा समोरून धरला आणि फोनवर ‘नंतर’चा फोटो काढला. ‘आधी’चा सकाळीच काढून झाला होता. तेव्हा दिवा तिने बाजूला, अगदी खाली धरला होता. असा उजेड पोर्सेलीनमधली बारीक चीर शोधायला वापरतात. त्यात सुळ्याची सावली शेजारच्या दातांवर लांब पसरते आणि आहे त्याच्या दुप्पट तो पुढे आल्यासारखा वाटतो. सगळेच असं करतात. धाकटीसुद्धा करायची, आणि दिवा कसा धरायचा हे धाकटीला शिकवलं होतं हिनेच.

धाकटी म्हणजे सहा वर्षांपूर्वी लॅबमध्ये लागलेली सगळ्यांत लहान मुलगी. ब्रश किती ओला ठेवायचा इथपासून हिने तिला घडवलं. दोन वर्षांत ती सोडून गेली, आणि आता काचेच्या इमारतीत तिचं स्वतःचं काम होतं, चाळीस हजार माणसं तिला फोनवर बघत होती. “कानामागून आली नि तिखट झाली,” असं मालक म्हणायचे आणि विसरून जायचे. हिला ते विसरणं जमत नव्हतं. बसच्या रांगेत, भाजी चिरता चिरता, भट्टी तापेपर्यंत, जरा सवड मिळाली की ती धाकटीचं पान उघडायची. तिथे माणसं आरशात आपले नवे दात बघून रडत, धाकटीच्या गळ्यात पडत. धाकटीचे केस, धाकटीचं टेबल, टेबलावरचं रोपटं. सगळं बघून झालं की ती आपल्या नखांत अडकलेलं प्लास्टर बघत बसायची.

“चांगली कॅप कोणती?” मालक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी विचारायचे, आणि उत्तरही तेच द्यायचे. “जी कुणाच्या नजरेत येत नाही ती.” तेवीस वर्षं ती असल्या कॅपा करत आली होती. शेजारच्या दाताचा पिवळेपणा, चहाचा डाग, उतारवयात पडणारी केसासारखी रेघ, सगळं रंगवून जुळवायची. लोक तिचे दात घेऊन जेवत होते, भांडत होते, मरतही होते, आणि ती कोण हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. पूर्वी तिला याचा अभिमान होता. आता फोन बंद केला की वाटायचं, तेवीस वर्षं आपण काही केलंच नाही.

तिचंही एक पान होतं. लेकीनेच उघडून दिलेलं. त्यावर एकशे बारा माणसं, निम्मी नात्यातली. दोन्ही फोटो तिने शेजारी शेजारी लावले, खाली ‘आधी’ आणि ‘नंतर’ असं लिहिलं, आणि मालक जागे व्हायच्या आत टाकून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटीने ते आपल्या पानावर घेतलं. वर लिहिलं, ‘माझ्या गुरूंचं काम. ताई, ‘आधी’ बघून तर दचकलेच!’ मग काय, जत्राच लोटली. संध्याकाळपर्यंत नऊ हजार बदाम. ‘जादूचे हात,’ कुणी लिहिलं. ‘इतके दिवस कुठे होतात?’ हा प्रश्न तिने चार वेळा वाचला. मध्ये मध्ये दुसऱ्या तऱ्हेचंही होतं. ‘हिच्याशी भांडायला नको बाबा, चावेल.’ ‘असे दात घेऊन लोक हसतात तरी कसे?’ त्यांनाही तिने बदाम दिला. ती सगळ्यांनाच देत सुटली होती.

घरी आली तेव्हा लेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही उघडून बसली होती. नवरा लांबच्या बांधकामावर क्रेन चालवायचा, पंधरवड्यातून एकदा यायचा. एरवी घरात या दोघीच. लेकीला बाप खारू म्हणायचा, कारण लहानपणी ती बिस्किट कडेकडेने कुरतडून गोल करायची. हल्ली ती कडेकडेने काय, समोर बसून सुद्धा खात नव्हती. ताट घेऊन खोलीत जायची. हसू आलंच तर हात तोंडावर.

“आई, तो फोटो कुणाचा?”

“कुठला? हां, तो. पेशंटचा.” तिने फोनवरची नजर काढली नाही. नऊ हजार तीनशे झाले होते.

“कुठल्या पेशंटचा?”

“आहे गं एक बाई. तू ओळखत नाहीस. चहा घेणार?”

लेकीने वही मिटली. बराच वेळ ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

“तुझे एवढे सरळ आहेत,” ती म्हणाली. “बाबांचेपण. मग मी कुणावर गेले?”

हे ती वर्षभर विचारत होती. कॅप करून दे म्हणूनही मागे लागली होती. त्यावर आईचं उत्तर ठरलेलं, की चांगला दात तासून कॅप बसवत नसतात, आणि हसताना दात मोजायला कोण बसलंय. कुणावर गेलीस याचंही उत्तर ठरलेलं होतं.

“बाबांच्या आत्यावर,” ती म्हणाली. तिची जीभ नेहमीसारखी वरच्या उजव्या सुळ्याच्या मागे जाऊन तो चाचपून आली.

बुधवारी ती जरा लवकर घरी पोचली. जिन्यातच तिला आपल्या मोटरचा आवाज ऐकू आला. कॅपा घासून गुळगुळीत करायची छोटी हातमोटर ती घरी ठेवायची, कधी काम उरलं तर. दार उघडलं आणि वास आला. जळक्या केसांसारखा. हा वास लॅबमध्ये येत नाही. तिथे प्लास्टर आणि पोर्सेलीन घासतात. हा वास दवाखान्यात येतो.

लेक न्हाणीघरातल्या आरशासमोर उभी होती. फोन आरशाला टेकवून ठेवलेला, त्यावर ‘नंतर’चा फोटो मोठा करून लावलेला. खालचा ओठ कापून रक्त हनुवटीवर आलं होतं. हातातली मोटर चालूच होती.

“बंद कर! खारू, बंद कर ती आधी!”

लेकीने बंद केली. पोर रडत नव्हती.

“थोडाच राहिला होता,” ती म्हणाली. बोलताना हवा लागली तशी तिने डोळे गच्च मिटले. “‘नंतर’सारखा करत होते.”

“अगं पण—”

“माझाच आहे ना तो जबडा? मला माझे दात कळत नाहीत का?”

आईने मोटर हातातून काढून घेतली. चकती एवढी तापली होती की बोट टेकवेना. लेकीला तिने वर्षानुवर्षं शेजारी बसवून काम केलं होतं, आणि लेकीने जे बघितलं तेच केलं. कोरडी चकती चालवली. प्लास्टरला पाणी लागत नाही. जिवंत दातावर पाण्याशिवाय चकती फिरवली तर तो तापतो आणि आतली नस भाजून निघते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

डॉक्टर ओळखीचे होते, इतकी वर्षं त्यांच्या कॅपा हीच करत होती. त्यांनी तपासलं, सुई दिली, नस काढली, सुळ्याच्या उरलेल्या खुंटावर कामचलाऊ टोपी बसवली. लेकीला बाहेर बसवून त्यांनी हात धुतले.

“पंधरा वर्षांची पोर. धडधाकट दात होता. कुणी डोक्यात घातलं हिच्या?”

तिने मान खाली घातली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

“जाऊ दे. कॅप तुम्हीच कराल. आकार पहिल्यासारखा ठेवायचा की ओळीत घ्यायचा ते घरी ठरवा. तिचं जुनं मॉडेल असेलच तुमच्याकडे.”

“आहे,” ती म्हणाली.

लॅबमध्ये जाऊन तिने खण उपसला. जबडा होता, त्यावर मेणाचा सरळ दात होता. कापलेला तुकडा नव्हता. तो त्या दिवशी टेबल पुसताना भुकटीबरोबर कचऱ्यात गेला होता. तिने तरीही टेबलाखाली गुडघे टेकून, कोपऱ्याकोपऱ्यांत बोटं घालून शोधलं. मालक दारात येऊन उभे राहिले.

“काय हरवलं, बाई?”

“काही नाही,” ती म्हणाली, आणि तिथेच जमिनीवर बसून रडली.

फोटो तिने बुधवारी रात्रीच काढून टाकला होता. धाकटीला सांगून तिच्याही पानावरून काढवला. धाकटीने विचारलं, ‘ताई, का? एवढा चालला होता.’ पण लोकांनी उचलून आणखी कुठे कुठे नेला होता, तो काही परत येणार नव्हता. सांडलेलं पाणी भरून आणता येत नाही. लेक शाळेत मास्क लावून जाऊ लागली. घरात होय आणि नाही, एवढंच बोलायची. बापाने फोनवर विचारलं, “काय झालं गं खारू?” तर म्हणाली, “खारू म्हणू नका.” बाप हसला. त्याला वाटलं, पोरगी मोठी झाली.

पंधरा दिवसांनी, रविवारी दुपारी, मालकांकडून किल्ली घेऊन ती लेकीला लॅबमध्ये घेऊन आली. रंग जुळवायचा होता. कृत्रिम दातांच्या नमुन्यांची पट्टी दाताशेजारी धरून, खिडकीच्या उजेडात. लेक स्टुलावर बसली आणि मास्क हनुवटीवर ओढला. एकेक नमुना आईने धरून बघितला. तिच्या कामात तुलना करायची ती एवढ्यासाठी, की शेजाऱ्याला शेजारी परका वाटू नये.

“आकार कसा करू?” तिने विचारलं.

“तसाच. ‘नंतर’सारखा.” लेक खिडकीबाहेर बघत होती. “लोकांना आवडलाय.”

“पहिल्यासारखा करता येईल, खारू.”

“कशावरून करशील? तो तर तू कापलास.”

तिला हे माहीत होतं तर. आईने नमुन्यांची पट्टी खाली ठेवली. दुसऱ्या स्टुलावर चढून वरच्या फळीवरून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला. झाकण गंजलं होतं, सुरी घालून उघडावं लागलं. आत जुन्या कागदात गुंडाळलेला प्लास्टरचा जबडा होता. पिवळा पडलेला. तिने तो लेकीच्या हातात दिला.

लेकीने तो फिरवून बघितला. वरच्या ओळीत उजवा सुळा पुढे आलेला, शेजारच्यावर अर्धा चढून बसलेला.

“हा माझाच आहे,” ती म्हणाली. “म्हणजे तू दोन केले होतेस?”

“नाही. मागे बघ.”

जबड्याच्या पाठीवर टाचणीने तारीख कोरलेली होती. लेकीने ती वाचली. मग पुन्हा वाचली. त्या तारखेला तिचा जन्म व्हायला आठ वर्षं होती.

“तुझा?”

“माझा.”

“पण तुझा तर…”

“कॅप आहे. लॅबमध्ये लागले त्याच वर्षी. डॉक्टरांनी तासला आणि कॅप मी केली. माझी पहिली.” तिची जीभ पुन्हा त्या दातामागे गेली. “तेवीस वर्षं झाली, त्याला गरम-गार काही कळत नाही.”

“का केलीस?”

आईने समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे आता नुसता खिळा होता.

“तिथे एक कॅलेंडर होतं. दातांच्या पेस्टचं. एक बाई हसत होती. काम करताना मान वर केली की ती.”

लेक त्या खिळ्याकडे बघत राहिली.

“मी तुला वर्षभर विचारलं, कुणावर गेले म्हणून. तू म्हणालीस, आत्यावर.”

“हो.”

“मी त्या आत्याचे फोटो शोधले, आई. एकातही ती हसलेली नाही. मला वाटलं, तीपण लपवत असेल.”

आईला हे ऐकवेना. तिने हात पुढे केला, लेकीने तो जबडा दिला नाही. दोन्ही हातांत धरून ठेवला.

“हा कुणी कुणी बघितलाय?”

“कुणी नाही. मालकांनी ओतला म्हणून त्यांनी. तुझ्या बाबांनीसुद्धा नाही.”

“माझा नऊ हजार लोकांनी बघितला.”

भिंतीपलीकडे कुणाच्या तरी घरात रेडिओ लागला होता. आईने टेबलाची कड पुसली. पुसलेलीच होती, तरी पुसली.

“कॅप कशी करायची ते मी नंतर सांगते,” लेक म्हणाली. “आधी ह्याचा फोटो काढ.”

“कशाला?”

“टाकायला. तुझ्या पानावर. खाली लिही, कुणाचा ते.”

“अगं, वेडी आहेस का? डॉक्टर आहेत त्यावर. धाकटी आहे. तुझ्या मामापासून सगळे…”

“हो ना,” लेक म्हणाली.

आई तिच्याकडे बघत राहिली. पंधरा वर्षांच्या चेहऱ्यावर राग असता तर तिने समजूत काढली असती. राग नव्हता. नुसती वाट बघणं होतं. शेवटी तिने खणातून काळं कापड काढलं, टेबलावर पसरलं, लेकीकडून जबडा घेऊन त्यावर ठेवला. दिवा लावला आणि समोरून, जरा उंचावर धरला. फोनमध्ये बघितलं. सुळा जरासा पुढे, एवढंच वाटत होतं. बरा दिसत होता. तिने जबडा किंचित डावीकडे वळवला, तसा आणखी बरा दिसू लागला.

लेक स्टुलावरून उठून तिच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली होती.

“असा नाही,” ती म्हणाली. “दिवा बाजूला घे. खाली. माझ्या वेळी धरला होतास तसा.”

आईने जबडा सरळ केला. दिवा बाजूला नेला, मग खाली आणला. सुळ्याची सावली निघाली आणि शेजारच्या तीन दातांवर पसरली. एका हातात दिवा होता, दुसऱ्या हातात फोन. तोंडावर ठेवायला तिच्याकडे हात उरला नव्हता.